मदत हवी आहे: मुलगा सैन्याच्या ट्रेनिंगला गेलाय, रविवारच्या फोनवर काय बोलू?

नमस्कार. मी इथे पाककृती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा १९ वर्षांचा. अग्निवीर म्हणून निवड झाली आणि बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला रुजू झाला. आज पाचवा आठवडा. दोन वर्षं पोरगं पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळत होतं. पहिल्या भरतीत १६०० मीटरला काही सेकंदांनी राहिलं. पुढच्या वर्षी ऑनलाइन लेखी, ग्राउंड, मेडिकल सगळं निघालं. यादीत नाव आलं तेव्हा आम्ही गावभर पेढे वाटले, आणि वाटण्यात मीच सगळ्यांच्या पुढे होते.

आता मला अजून साडेचारला जाग येते, त्याला उठवायचं काम माझंच होतं ना. परवा रात्री सवयीनं त्याचे मूठभर हरभरे भिजत घातले. सकाळी टाकवेनात. उसळ केली, ती कुणी खाल्ली नाही.

कऱ्हाडहून बेळगाव साडेतीन-चार तासांचा रस्ता. लांब असता तर मनाला समजावलं असतं. एवढ्या जवळ असून जाता येत नाही, ते जास्त टोचतं.

फोन फक्त रविवारी, तोही चार-पाच मिनिटं, मागे रांग असते. पहिले तीन रविवार "बरा आहे, जेवण चांगलं आहे, दादाला सांग" एवढंच. गेल्या रविवारी म्हणाला, "आई, मला नाही जमायचं इथं." आणि गप्प. मी काय बोलावं? "अरे, पण गावात पेढे वाटलेत आपण." तेवढ्यात वेळ संपली.

तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात फिरतंय. दुसरं काही सुचूच नये मला?

हे म्हणतात, सगळ्यांचं सुरुवातीला असंच होतं, त्याच्यापुढं रडू नकोस. म्हणतात आणि गोठ्यात जातात. रात्री मात्र मोबाइलवर बेळगावला पाऊस आहे का ते बघत बसतात.

परवा रविवार. काय बोलू? 'ये परत' म्हणावं का? ज्यांची मुलं गेली आहेत त्यांनी कृपया सांगा.

हिरवा_चाफा: ताई, काळजी करू नका. रोज प्राणायाम करा, एखादा छंद लावून घ्या. सगळं छान होईल.

रोखठोक_७७: चार वर्षांची नोकरी, पुढं २५ टक्केच कायम होणार. एवढा जीव कशाला टाकायचा? दुसरं काही करू दे त्याला.

धागाकर्ती: रोखठोक, तो वाद इथे बऱ्याच धाग्यांवर चालू आहे, तिकडे घाला. मी रविवारचं विचारलंय.

माजी_सुभेदार: ताई, मी रंगरूट, म्हणजे नवा भरती झालेला जवान, होतो आणि पुढं उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, म्हणून रंगरूट घडवलेही, म्हणून लिहितो. ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं. पहिले आठवडे नवलाईत आणि भीतीत जातात. नवलाई संपते आणि अंग अजून तयार झालेलं नसतं, तो काळ सगळ्यात वाईट. तुमचा मुलगा नेमका तिथं आहे. पहाटेची पीटी, ड्रिल, पुन्हा फॉल-इन (रांगेत हजर होणं), वर चूक झाली की रगडा, म्हणजे अंग मोडेपर्यंत शिक्षा. 'जमत नाही' हे उस्तादाला म्हणता येत नाही, म्हणून आईला म्हणतात. त्यानं तुम्हाला सांगितलं हे बरंच झालं. पोरगं फोनवर फक्त 'बरा आहे' म्हणत राहिलं की मला जास्त धास्ती वाटायची.

'ये परत' म्हणू नका. अग्निवीराला स्वतःच्या मर्जीनं मधेच सोडता येत नाही, अगदी अपवादात्मक कारण असेल आणि वरून मंजुरी मिळाली तरच. तुम्ही दार उघडं दाखवायचं आणि ते उघडायचं नाही, त्यानं पोर आणखी खचेल.

दोन गोष्टी विचारा: झोप लागते का, आणि पाय दुखतात का. नडगीचं दुखणं पोरं लपवतात. रेलिगेट होऊन पुढच्या बॅचला टाकतील ही भीती. लपवून पळत राहिलं तर हाडाला चीर जाते आणि मग खरंच महिने जातात. दुखत असेल तर त्याला एमआय रूमला, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, जायला सांगा, त्यात कमीपणा नाही.

ट्रेनिंगच्या शेवटी कसम परेड असते, पोरं शपथ घेतात, तिला आईबापांना बोलावतात. गौरव पदक तुमच्या छातीवर लावतात, पोराच्या नाही. आम्हाला अजून ती परेड बघवत नाही, डोळे भरतात.

शिरोळची_सून: मी सैनिक टाकळीची. आमच्याकडं फौजेत कुणी नाही असं घर शोधावं लागतं. माझ्या सासूबाई एकच सांगायच्या: पत्र लिही. फोन चार मिनिटांत संपतो, पत्र पोरगं रात्री अंथरुणात दहा वेळा वाचतं. त्यात उपदेश नको. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या उसाला तोड आली, दादाची गाडी कुठं बंद पडली, असलं लिहा. 'आठवण येते' एकदाच लिहा, शेवटी. आणि पेढ्यांचं मनातून काढा, आयांच्या तोंडून असलं निघतंच.

धागाकर्ती: काल फोन आला. आधीच म्हटलं, "पेढ्यांचं बोलले ते चुकलं माझं." तो म्हणाला, "कुठले पेढे?" त्याला ऐकूच गेलं नव्हतं, मागे गलका होता. आठ दिवस मी उगीच जळत होते.

झोप लागते म्हणाला, पडल्या पडल्या. पायाचं विचारल्यावर आधी 'काही नाही', मग 'डावी नडगी, नऊ दिवस झाले'. सुभेदारसाहेब, तुमचं नाव माहीत नाही, पण तुम्ही लिहिलेलं त्याला शब्दशः सांगितलं. आज सकाळी दाखवतो म्हणालाय. खरंच जाईल की नाही ते पुढच्या रविवारी कळेल. जमत नाही हा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

पत्र ह्यांनी लिहायला घेतलंय. दोन दिवसांत चार ओळी झाल्यात, त्यातल्या दोन पावसाच्या आहेत. शिरोळची सून, पाकिटावर आधी नाव लिहायचं की त्याचा सैन्यातला नंबर आणि कंपनी, म्हणजे तुकडी? जरा सांगाल का, उद्या टाकायचं आहे.