खाजेवर फ्लुकोनाझोल घेऊ की योनीत ठेवायची गोळी? पाळीही लांबलीये, प्लीज मदत करा

मैत्रिणींनो, जरा घाईत लिहितेय. दाढेसाठी अँटिबायोटिकचा कोर्स चालू होता, तो संपता संपता खाली खाज सुरू झाली. आधी वाटलं घामामुळे असेल पण आता एका जागी बसवत नाहीये, लघवीला गेलं की बाहेरच्या बाजूला चुरचुरतं आणि पांढरं घट्ट, दूध फाटल्यासारखं अंगावरून जातंय. वास म्हणावा असा काही नाही. ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही. मागे एकदा अगदी असंच झालेलं तेव्हा डॉक्टरांनी तपासून फंगल इन्फेक्शन सांगितलं आणि फ्लुकोनाझोल १५० ची एकच गोळी दिली होती, तेवढ्यावर बरं वाटलं होतं.

आत्ता घरात तीन गोष्टी आहेत. एक, तीच फ्लुकोनाझोलची गोळी, पाकिटावरची तारीख अजून गेलेली नाही. दोन, क्लोट्रिमाझोल ५०० ची योनीत ठेवायची गोळी, सोबत प्लास्टिकची नळी आहे पण माहितीचा कागद हरवलाय. तीन, जाऊबाईंनी दिलेली एक ट्यूब, त्या म्हणतात कुठल्याही खाजेवर चालते, त्यावर क्लोट्रिमाझोल, बेक्लोमेथासोन आणि निओमायसिन असं लिहिलंय.

खरी काळजी वेगळीच आहे. आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय आणि यावेळी पाळी थोडी पुढे गेलीये. टेस्ट अजून केली नाही. यातलं काय घेतलेलं चालेल, की काहीच घेऊ नको? आमच्या डॉक्टर सध्या सुट्टीवर आहेत आणि दुसरीकडे जायचं तर परत सगळं पहिल्यापासून सांगा, म्हणून आधी इथे विचारतेय.

रानजाई
अगं पोटात घ्यायची गोळी आत्ता अजिबात घेऊ नकोस. आधी टेस्ट कर, सकाळच्या पहिल्या लघवीची कर. माझ्या बहिणीला गरोदरपणात हेच झालं होतं तेव्हा तिला फक्त योनीत ठेवायचं औषध दिलं होतं, पोटातून काहीच नाही.

औषधवाली
मी फार्मासिस्ट आहे, रोज असे प्रश्न येतात आणि बहुतेक जणी काउंटरवर इतक्या हळू बोलतात की पाळीचं विचारायचंच राहून जातं. तुम्ही ते आपणहून लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या बाबतीत सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

फ्लुकोनाझोल बाजूला ठेवा. ती गोळी एकच असली तरी शरीरात बराच वेळ राहते, निम्मं औषध बाहेर पडायलाच साधारण ३० तास लागतात. डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून झालेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला, त्यात गरोदरपणात ही गोळी घेतलेल्या बायकांमध्ये गर्भपाताचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त दिसलं. गोळीमुळेच झालं असं त्यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण योनीत ठेवायचं औषध तितकंच चांगलं काम करतं, मग ही जोखीम घ्यायचीच कशाला? क्लोट्रिमाझोल किंवा मायकोनाझोल योनीत ठेवलं की रक्तात फारच थोडं जातं, म्हणून गरोदरपणात तेच देतात. फक्त तेव्हा एका रात्रीत संपवण्याऐवजी ७ रात्रींचा कोर्स देतात, म्हणजे बहुधा १०० मिलिग्रॅमची गोळी किंवा क्रीम रोज रात्री. तुमच्याकडची ५०० ची गोळी एका रात्रीची आहे. चुकीची नाही, पण टेस्ट होऊन डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत थांबा.

जाऊबाईंच्या ट्यूबबद्दल स्पष्ट सांगते, ती लावू नका. बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड आहे. लावल्यावर आग आणि लाली पटकन कमी होते म्हणून गुण आला असं वाटतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्ती स्टेरॉइड दाबून टाकतं आणि त्वचाही पातळ करतं. निओमायसिन तर अँटिबायोटिक, तुमचा त्रास अँटिबायोटिकनंतरच सुरू झालाय. योनीतले चांगले जिवाणू तिथलं वातावरण आम्ल ठेवतात आणि कॅन्डिडाला, म्हणजे हे इन्फेक्शन करणाऱ्या बुरशीला, वाढू देत नाहीत, अँटिबायोटिकने ते मेले की याला मोकळं रान मिळतं.

आणि हे फंगलच आहे हे नक्की करून घ्या. तुमची लक्षणं जुळतायत हे खरं, आधी तपासून निदानही झालेलं आहे. पण खाज म्हणजे फंगलच असं धरून बायका औषध घेतात आणि निघतं भलतंच. करडा पातळ स्राव आणि माशासारखा वास असेल तर ते जिवाणूंचं, पिवळट हिरवा फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचं असू शकतं, या दोन्हींवर फंगसचं औषध काहीही करत नाही. ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखम, मध्येच रक्त जाणं, यातलं एक जरी असलं तरी घरात औषध शोधत बसायचं नाही, सरळ तपासून घ्यायचं. तुमच्या डॉक्टर सुट्टीवर असल्या तरी पाळी लांबलेली आहे म्हणून दुसऱ्या कुणालातरी दाखवाच.

बाकी कुठली गोळी रोज चालू आहे का तेही सांगा.

मोगरा७
मला वर्षभरात हे सारखं सारखं होत होतं, दर वेळी मेडिकलमधून तीच गोळी आणायची आणि थोडे दिवस बरं, की परत. शेवटी एका डॉक्टरांनी स्राव कल्चरला (कुठली बुरशी वाढते ते बघायच्या लॅब तपासणीला) पाठवला आणि शुगरही करायला सांगितली. शुगर वाढलेली निघाली. आणि कल्चरमध्ये कॅन्डिडा ग्लाब्राटा हा वेगळा प्रकार आला, त्याच्यावर म्हणे फ्लुकोनाझोलचा नीट परिणाम होत नाही. त्यामुळे वर्षात तीनदा किंवा जास्त झालं तर गोळी बदलून बघण्यापेक्षा तपासणी करून घ्या, कळकळीने सांगतेय. धागाकर्तीला दुसऱ्यांदाच होतंय म्हणून तिला लगेच लागू नाही पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

शुभ्रा
नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं ना? आणि माझा एक प्रश्न इथेच विचारते, सासूबाईंना खाजेचा त्रास आहे, त्या हृदयाच्या झडपेसाठी वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) घेतात. मायकोनाझोलची क्रीम घरात आहे, क्रीमच आहे तर चालेल ना?

औषधवाली
@शुभ्रा, नाही, देऊ नका! मायकोनाझोल योनीत लावलं तरी वॉरफेरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव झाल्याची उदाहरणं आहेत. फ्लुकोनाझोलने तर वाढतोच. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका आणि औषध दिलंच तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) कधी तपासायचा तेही विचारून घ्या. शिवाय पाळी गेल्यानंतरच्या वयात खाज बरेचदा कोरडेपणाची किंवा त्वचेच्या आजाराची असते, त्यामुळे त्यांना तपासणंच योग्य.

नवऱ्याला काही त्रास नसेल तर औषधाची गरज नसते. त्याला खाज किंवा लाली असेल तर त्याने वेगळं दाखवावं. या क्रीम आणि गोळ्यांमधल्या तेलकट घटकांनी लेटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, औषध चालू असताना आणि नंतरचे काही दिवसही. धागाकर्तीला हा प्रश्न नाही पण कंडोमवर विसंबून असणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप धीर आला. रोजची कुठलीही गोळी चालू नाही. टेस्ट केली, निगेटिव्ह आली. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊनही आले. त्यांनी तपासलं, स्राव घेऊन तिथेच मायक्रोस्कोपखाली बघितला आणि कॅन्डिडाच आहे म्हणाल्या. टेस्ट निगेटिव्ह असली तरी फार लवकर केली असेल तर चुकू शकते, म्हणून गरोदर असू शकतेस असं धरूनच औषध देते म्हणाल्या आणि क्लोट्रिमाझोल १०० च्या गोळ्या ७ रात्रींसाठी दिल्या. पाळी आली नाही तर आठवड्याने परत टेस्ट करायची आहे. फ्लुकोनाझोलची गोळी आणि ती ट्यूब दोन्ही कपाटातून काढून टाकल्या.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. नळीने घालू की बोटाने? आणि कोर्स चालू असताना मध्येच पाळी आली तर थांबवायचं का?

औषधवाली
छान केलंत. गरोदर असण्याची शक्यता आहे तोवर बोटानेच घाला, नळी खोल टोचायची भीती नको. झोपायच्या आधी हात स्वच्छ धुवा, पाठीवर झोपून गुडघे वर घ्या आणि गोळी त्रास न होता जितकी आत जाईल तितकी सरकवा. मग उठू नका, रात्रभर आडवं राहिलं तरच ती नीट विरघळते. सकाळी पांढरा चुरा किंवा पातळसर काही बाहेर येईल, ते औषधच असतं, इन्फेक्शन वाढलं असं समजू नका, पॅन्टी लायनर लावा म्हणजे झालं. पहिल्या रात्री थोडी जळजळ होऊ शकते. पण खूप आग झाली, सूज आली किंवा अंगावर पुरळ उठलं तर बंद करून डॉक्टरांना फोन करा.

पाळी आली तरी कोर्स चालू ठेवा, फक्त टॅम्पॉन वापरू नका, तो औषध शोषून घेतो, पॅड वापरा. योनीच्या आत साबण किंवा पाण्याचा फवारा नको, बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे. दोन-तीन दिवसांत खाज कमी व्हायला लागेल आणि तेव्हाच बायका औषध सोडतात. सातही रात्री पूर्ण करा. कोर्स संपूनही खाज राहिली तर दुसरा कोर्स आपला आपण आणू नका, त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि कल्चरबद्दल विचारा.

रानजाई
आणि पुढच्या वेळी कुठल्याही कारणाने अँटिबायोटिक लिहून दिलं की डॉक्टरांना आधीच सांग, मला त्याने फंगल होतं म्हणून. टेस्टचं काय झालं ते कळव गं, वाट बघतोय आम्ही.