शब्दचर्चा: बेसबॉलमधल्या 'पूल'ला मराठीत काय म्हणायचं?

सुरसागर:
भाचा आलाय सुट्टीत, त्याला बेसबॉलचं वेड आहे. काल जेवताना तो २०२३च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचं, म्हणजे देशादेशांच्या संघांच्या स्पर्धेचं, सांगत होता की पूल ए मधे काय गंमत झाली, तर आई म्हणाली कुठला पूल रे, विश्वामित्रीवरचा का? तिचं काय चुकलं, मराठीत पूल म्हणजे पूलच, फारसीतून आलेला, आणि इथे बडोद्यात गुजरातीतही पुल म्हणजे तोच. इंग्रजी पूलचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो फ्रेंचमधल्या कोंबडीच्या शब्दावरून आला असं कोशकार सांगतात, पत्त्यांच्या खेळात सगळ्यांनी मधे टाकलेले पैसे म्हणजे पूल. आपण तो जसाच्या तसा लिहिला की वाचणाऱ्याला नदी दिसते. तर मराठीत काय लिहावं? गट, साखळी की गटसाखळी? मला तिन्ही एकच वाटत नाहीत.

मांडवीकर:
एकच नाहीतच दादा. गट म्हणजे कोण कुणाबरोबर आहे ते, साखळी म्हणजे कसं खेळायचं ते. २० संघ, ५-५चे ४ गट, आणि गटातल्या प्रत्येकाने बाकीच्या चौघांशी खेळायचं म्हणजे एका गटात १० मॅच, ही झाली साखळी. 'क गटात अमेरिका आणि मेक्सिको' इथे गट पुरतो. 'कोरिया गटसाखळीतच आटोपला' इथे नुसता गट म्हटलं तर वाक्य लंगडतं. पेपरवाले गटसाखळी लिहितात ते बरोबरच लिहितात.

रावपुरा:
मला साखळी शब्द पटत नाही. साखळीत एक कडी पुढच्या कडीत अडकते, इथे तर सगळे सगळ्यांशी खेळतात, हे जाळं झालं. आमच्याकडे मुलं सरळ लीग मॅच म्हणतात, ते सगळ्यांना कळतं, चालू द्या ना.

सुरसागर:
ताई, लीग म्हणजे महिनोन्महिने चालणारी पण होते, त्यामुळे या पाच दिवसांच्या प्रकाराला तो शब्द सैल पडतो. आणि साखळी किती चपखल आहे ते याच पूल ए मधे दिसतं, म्हणून तर मी हा विषय काढला. ताइचुंगला झाले हे सामने. पनामाने तैवानला १२-५ हरवलं, तैवानने इटलीला ११-७, इटलीने क्यूबाला ६-३, आणि क्यूबाने पनामाला १३-४, म्हणजे कडीत कडी अडकत फिरून पहिल्या कडीपाशीच आलो! नेदरलँड्सने क्यूबा-पनामाला हरवलं पण तैवान आणि इटलीकडून मार खाल्ला. पाचही संघ दोन जिंकले, दोन हरले. आपसातला निकाल बघायची सोयच राहिली नाही. भाच्याने हे कागदावर बाण काढून दाखवलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.
मग क्रम कसा लावला, तर दिलेल्या धावा, म्हणजे समोरच्यांनी काढलेल्या, भागिले समोरच्यांचे जितके आउट केले ते. क्यूबाने चार मॅचमधे १५ धावा दिल्या, इटलीने १७, ते दोघं पुढे गेले. तैवानने ३१ दिल्या, तेवढेच दोन विजय असून तळाला, आणि पुढच्या स्पर्धेसाठी पुन्हा पात्रता फेरी खेळावी लागली, तेही गटसाखळी घरच्या मैदानावर होऊन. वाईट वाटतं.
आता खरी अडचण इथे आहे. मी हा नियम आईसाठी मराठीत लिहायला बसलो आणि वाक्य असं झालं, 'बाद फेरीत जाण्यासाठी दिलेल्या धावांना बाद केलेल्यांनी भागायचं, ज्याचा भागाकार मोठा तो बाद.' तीन बाद, तिन्हींचे अर्थ वेगळे!

मांडवीकर:
हा खरा प्रश्न. बाद फेरी आता रुळलीये, तिला हात लावू नका. संघासाठी 'गारद' किंवा 'बाहेर' म्हणा. राहिला खेळाडू, तर खो-खोतला शब्द घ्या, गडी टिपणे. 'चार गडी टिपले' असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दिलेल्या धावा भागिले टिपलेले गडी, झालं की.

रावपुरा:
पण बेसबॉलमधे पुष्कळदा अंगाला हातही न लावता आउट होतो, बेसवर, म्हणजे धावणाऱ्याला गाठायच्या ठाण्यावर, चेंडू आधी पोचला की संपलं. आणि तोच खेळाडू एका मॅचमधे तीनदा आउट होऊ शकतो, मग गडी मोजायचे कसे?

मांडवीकर:
बेन, क्रिकेटमधे धावबाद होतो तेव्हा तरी कोण हात लावतं? जितक्या वेळा टिपला तितक्या वेळा मोजायचा, २७ टिपले की ९ डाव संपले. बडोद्याने तर या बाबतीत मागे राहूच नये, १९२३ साली हुतुतूचे सुधारलेले नियम इथूनच छापून निघाले, हिंद विजय जिमखान्याने स्पर्धाही भरवली. आपल्या मैदानी खेळांत शब्दांची कोठारं भरलेली आहेत, कुणी उघडत नाही एवढंच. हेच बघा, खो-खोत डाव वेगळा आणि पाळी वेगळी, एका डावात दोघांच्या पाळ्या. बेसबॉलमधे पण इनिंगचे दोन भाग असतात, एकदा हे बॅटिंग करणार एकदा ते. डाव आणि पाळी! क्रिकेटच्या मराठीत हा फरक नाहीच.

रावपुरा:
हे मात्र पटलं. आणि मग यजमान संघ पुढे असला की नवव्या डावाची शेवटची पाळी खेळतच नाहीत, त्यामुळे हरणाऱ्याने ८ डावांचेच गडी टिपलेले असतात, म्हणून मॅचने न भागता गड्यांनी भागतात, आत्ता कळलं मला.

सुरसागर:
अगदी तेच ताई! आणि अजून एक, ७ डावांनंतर १० धावांची आघाडी असली की मॅच थांबवतात, त्याला कुठे कुठे 'दया नियम' लिहिलेलं वाचलं, मला ते फार खटकतं. आपल्याकडे 'डाव राखून' आहे ना. पोर्टो रिकोने इस्रायलला आठव्या डावात १०-० वर संपवलं, त्यांचा एकही गडी बेसवर पोचू दिला नाही, तर लिहा की एक डाव राखून विजय. यात कुणी कुणावर दया करत नाही, कमावलेलं शिल्लक राहतं.
आज दुपारी आईला पुन्हा वाचून दाखवलं: 'गटसाखळीत बरोबरी झाली आणि आपसातल्या निकालानेही सुटली नाही, तर दिलेल्या धावांना टिपलेल्या गड्यांनी भागायचं, ज्यांचा भागाकार लहान ते बाद फेरीत.' एका दमात कळलं तिला.

रावपुरा:
आणि पिचचं काय, म्हणजे पिचर बॅटरकडे जो चेंडू टाकतो त्याचं? गटसाखळीत एका पिचरला ६५ची मर्यादा असते ना. चेंडू म्हणावं तर बॉल म्हणजे तिथे चुकीच्या जागी टाकलेला पिच.

मांडवीकर:
फेक म्हणा. ६५ फेकी.