‘कॉमेंट’ म्हणजे नेमकं काय?

फळा_खडू: मी आठवीला मराठी शिकवते. परवा वर्गात सांगितलं, ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका लिहिली. एका मुलाने विचारलं, “बाई, त्यांना गीता पटली नव्हती?” कुणी हसलं नाही, सगळ्यांना तीच शंका होती. शके १२१२ मध्ये टीका म्हणजे अर्थाचा उलगडा होता, आज झोडपणं. मग ‘टीका म्हणजे कॉमेंट का?’ असंही विचारून झालं. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर शेरा असतो, चित्रप्रदर्शनाच्या वहीत अभिप्राय लिहितात, अग्रलेखात भाष्य असतं. एका ‘कॉमेंट’ने हे सगळे शब्द मुलांच्या तोंडून घालवले.

गावठी_कोश: बाई, नाही पटलं. टीकेचा अर्थ आपणच बदलला, त्यात इंग्रजीचा काय दोष? ‘कॉमेंट’चं मूळ लॅटिन, तिथे आधी रचलेली, कल्पिलेली गोष्ट असा अर्थ होता, विवरण हा अर्थ नंतरचा. शब्द फिरतातच. आणि कॉमेंट आता मराठीच आहे. ती स्त्रीलिंगी झाली, तिचं ‘कॉमेंटा’ झालं, ती आपण करतो, टाकतो, मारतो. “फोटोवर अभिप्राय टाकला” असं म्हणून बघा.

रेडिओप्रेमी: समालोचन राहिलंच! बाळ ज. पंडितांनी क्रिकेट मराठीत ऐकवलं, ‘कॉमेंटरी’ या शब्दावाचून काही अडलं नाही.

सातचीएसटी: ‘मारतो’वर जरा थांबा, दादा. कॉलेजला जाताना स्टँडवर रोज मुलं घाण बोलायची. घरी सांगितलं, “कॉमेंट मारतात.” उत्तर आलं, “मारू देत, लक्ष देऊ नकोस.” पुढे कॉलेजच्या तक्रारअर्जात मैत्रिणीने ‘अश्लील शेरेबाजी’ लिहिलं, तेव्हा कुठे तो कुणीतरी नीट वाचला. कायद्याने अशी शेरेबाजी लैंगिक छळच आहे: २०१३ पासून दंड संहितेचं कलम ३५४-अ, आता तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेचं ७५. ‘कॉमेंट’ म्हटलं की गुन्ह्याची गंमत होते.

गावठी_कोश: ताई, हा मुद्दा मान्य. तरी दोष ऐकणाऱ्यांचा. ती घाण आईवडिलांपुढे जशीच्या तशी उच्चारता येत नाही, म्हणून मुली ‘कॉमेंट’ म्हणतात. तो आडोसाही काढून घ्यायचा का?

सातचीएसटी: आडोसा मुलींना कमी, त्या मुलांनाच जास्त मिळाला.

फळा_खडू: दादा, फोटोखालची कॉमेंट तुमची, मी सोडली. ‘कॉमेंट मारली’ मात्र वर्गात आलं की मी थांबवणार, आणि काय बोलला ते विचारणार.