खोकल्यासकट रिसायटल

निशाचर:
काल रात्री दिवे मालवून पियानोवादक स्वियातोस्लाव रिख्टरचं १९५८ सालचं सोफियामधलं रिसायटल, म्हणजे एकट्याची मैफल, पुन्हा ऐकलं. महिना फेब्रुवारीचा, श्रोत्यांना सर्दी झालेली, टेपची खरखर, मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन' या रचनेत काही सूर निसटलेले. तरी अंगावर काटा आला. माझं मत ठाम आहे: घरी पियानो ऐकायचा तर मैफलीचंच ध्वनिमुद्रण, तेही मध्ये न उठता. थांबून परत वाजवायची सोय नसली की माणूस वेगळाच वाजवतो.

षड्जपंचम:
असहमत. सभागृहात शेजारचा खोकला आपण कानाआड करतो. रेकॉर्डिंगमधला मात्र दर वेळी त्याच जागी येतो. चारपाचदा ऐकलं की मी संगीत सोडून त्या खोकल्याचीच वाट बघत बसतो! पियानोवादक ग्लेन गूल्डने १९६४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, मैफली सोडून स्टुडिओ धरला तो उगाच नाही. घरी ऐकणाऱ्याचा विचार त्यानेच केला.

निशाचर:
आणि गूल्ड स्टुडिओत वाजवता वाजवता गुणगुणतो, ते चालतं?

षड्जपंचम:
चालतं. तो वाजवणाराच आहे, तिसऱ्या रांगेतला पडसेवाला नाही.

जुनी टेप:
दोघांनाही एक आठवण करून देतो. 'लाइव्ह' छापलेलं सगळं लाइव्ह नसतं. व्लादिमिर होरोविट्झ बारा वर्षांनी रंगमंचावर परतला ती ९ मे १९६५ची कार्नेगी हॉलमधली मैफल घ्या. तबकडी काढताना काही चुकलेले सूर दुरुस्त केले होते. जसंच्या तसं ध्वनिमुद्रण बाहेर आलं २००३ मध्ये.

निशाचर:
मान्य, पण मला ते २००३चंच आवडतं. पहिल्याच रचनेत, बुसोनीने पियानोसाठी बसवलेल्या बाखमध्ये, हात घसरतो आणि बारा वर्षांची धास्ती कळते. पियानोवादक दिनू लिपाटीचं फ्रान्समधल्या बेझाँसोनचं शेवटचं रिसायटलही तसंच. सप्टेंबर १९५०, आजाराने पोखरलेला, वय ३३. शोपँच्या चौदा वॉल्ट्झपैकी तेरा वाजवले, चौदावा झेपलाच नाही. डिसेंबरमध्ये गेला. हे स्टुडिओत कुठून आणणार?

षड्जपंचम:
पण हे तुम्हाला सुरांतून कळलं की तबकडीच्या पाकिटावर वाचून? गोष्ट माहीत नसती, तर तेरा वॉल्ट्झ ऐकताना 'मरणासन्न माणूस वाजवतोय' असं वाटलं असतं?

निशाचर:
...बहुधा नसतं. वादन इतकं स्वच्छ आहे की शंकाही येणार नाही. हा मुद्दा बोचला खरा.

खर्जप्रेमी:
वाद छान चाललाय, पण ऐकताय कशावर? पियानोची सर्वांत खालची पट्टी साडेसत्तावीस हर्ट्झची. लॅपटॉपच्या टिचभर स्पीकरमधून तो मूळ सूर येतच नाही, त्याच्यासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून मेंदू जागा भरून काढतो. शिवाय हळू भाग नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या फोर्टिसिमोला, म्हणजे अगदी जोरकस भागाला, घरातले जागे होतात. हेडफोन लावा, मग भांडा.

षड्जपंचम:
हेडफोनमध्ये तर खोकला थेट मानेवर येतो!

निशाचर:
तोड सुचवतो. मी आज रात्री गूल्डची दोन्ही 'गोल्डबर्ग' (बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'ची ध्वनिमुद्रणं) ऐकतो, १९५५ची सुमारे ३८ मिनिटांची आणि १९८१ची ५१ मिनिटांची. एकच माणूस, दोन्ही स्टुडिओतली. तुम्ही सोफिया पूर्ण ऐका, मध्ये न उठता.

षड्जपंचम:
ऐकतो. मोठा खोकला कितव्या मिनिटाला आहे तेवढं आधी सांगा.