मदत हवी आहे: दिल्लीचं धुकं आणि नाताळच्या सुट्टीतला मुलीचा ताबा

आमचा घटस्फोट परस्परसंमतीने, पुण्याच्या फॅमिली कोर्टात झाला. मुलगी नऊ वर्षांची, ताबा माझ्याकडे. नाताळच्या सुट्टीत ती वडिलांकडे दिल्लीला जाते. कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी कोर्टात मान्य केलेल्या लेखी अटींत) स्पष्ट लिहिलंय, '२८ डिसेंबर, संध्याकाळी ६ पर्यंत आईकडे परत'. उशीर झाला तर काय, याबद्दल एक ओळ नाही. तेव्हा धुकं कोणाच्या डोक्यात होतं!

गेल्या वर्षी सकाळचं विमान धुक्यामुळे आधी लांबलं, मग रद्द झालं. पोरगी गेटवर साडेपाच तास, डब्यातले पराठे संपलेले. लोहगावला उतरली ३० तारखेला. माझे दोन दिवस गेले. त्यांचं म्हणणं, निसर्गाचा दोष, भरपाई कसली? अर्थात उलटं झालं असतं तर त्यांनीही दिवस मागितलेच असते.

यंदा दुपारचं तिकीट काढायचं ठरलंय. रेल्वे नको, उत्तरेकडच्या गाड्याही धुक्यात तासन्‌तास रखडतात. एकटीला पाठवायचं नाही, वडील सोबत येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'बुडालेले दिवस उन्हाळ्यात' असं ठरलं होतं, मे महिन्यात त्यांनी शब्द फिरवला. म्हणून आता कागदावर हवं. तेही तयार आहेत, भांडण नाही. शाळा २ जानेवारीला उघडते, त्यामुळे पुढे ढकलायला जागा नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्याच्या अटी बदलता येतात एवढं माहीत आहे. पण एवढ्याशा बदलासाठी दोघांच्या सहीची पुरसिस (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन) चालते का, की रीतसर अर्जच लागतो? आणि कोणी असं कलम घातलं असेल तर 'भरपाईचे दिवस' नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिलेत?