मदत हवी आहे: सातच्या खेळात 'तीन घे' चालू असताना 'थांब' आला तर? लवकर सांगा

चिखलपाय
आम्ही नऊ जण दापोलीला आलोय. बाहेर धो धो, लाइट गेलेले, आणि डाव अर्ध्यावर अडकलाय. साडूभाऊंना 'तीन घे' दिलं. त्यांच्यासमोर राणी, दश्शी, चौकी होती. पहिला पत्ता आला पंजी. दुसरा आला 'थांब'. ते म्हणतात, मी थांबलो, माझे ३१ लिहा. बायको म्हणते, तिसरा घ्यायलाच हवा. या वादात धाकट्याने तिसरा उघडून टाकला, ती निघाली पंजी! आता साडूभाऊ जेवायला उठत नाहीत. बरोबर कोण? मोबाइल १४ टक्के आहे.

भाऊचा धक्का
सातचा खेळ म्हणजे बदाम सात ना? त्यात 'थांब' कुठून आला? पान लागत नसेल तर पास म्हणायचं, संपलं.

चिखलपाय
बदाम सात नाही हो. भाचा पुण्याहून शिकून आलाय. सात वेगळे आकडे जमले की डाव संपतो, एकच आकडा दोनदा आला की फुटलो. ११ टक्के.

ओटीवरची काकू
गाडीत बसून मोबाइल चार्ज करा की. एवढं कसं सुचत नाही?

सोंगटी
हा 'फ्लिप सेव्हन' आहे, २०२४ साली आलेला. २०२५ च्या 'श्पील देस यारेस' या जर्मन पुरस्काराच्या शेवटच्या तिघांत होता. तुमची बायको बरोबर. 'तीन घे' चालू असताना 'थांब' किंवा दुसरा 'तीन घे' निघाला तर तो बाजूला ठेवायचा, आधी तिन्ही पत्ते पुरे करायचे. मधे फुटलात तर बाजूला ठेवलेला पत्ताही गेला. तुमच्या साडूंना शून्य.
आणखी एक. 'थांब' ज्याला निघतो त्यालाच लागतो असं नाही. तो खेळात असलेल्या कोणालाही देता येतो. साडू वाचले असते तर तुमच्या बायकोलाच थांबवू शकले असते.

चिखलपाय
हे शेवटचं वाक्य मी मोठ्याने वाचायला नको होतं.

मेंढीकोटवाला
नुसतं पान उलटायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, याला खेळ म्हणतात? मेंढीकोट खेळा. जोडीदार, हुकूम, लक्षात ठेवायचं डोकं. हा निव्वळ जुगार.

भाऊचा धक्का
नऊ जणांत मेंढीकोट? चौघं खेळणार आणि पाच जण काय भजी तळणार?

मेंढीकोटवाला
सहा जणांतही होतो. उरलेल्या तिघांनी भजी तळावी, पाऊस आहेच. आणि पैसे लावले नाहीत तरी जुगार तो जुगारच.

सोंगटी
मेंढीकोटात तेरा पानं वाटून येतात ते नशीब नाही वाटतं? इथे निदान घ्यायचं की थांबायचं हे तरी दर वेळी माझ्या हातात असतं. असो. धागाकर्ते, संच विकतचा की घरी केलेला? तुम्ही 'राणी' म्हणताय म्हणून विचारतो. आणि दुसरी संधी देणारे पत्ते किती आहेत?

चिखलपाय
गाडीत बसलोय. (काकू, थँक्यू.) संच घरचा. साधा कॅट, ५२ पानं. एक्का म्हणजे १, गुलाम ११, राणी १२, राजा १३. बाकीचे 'थांब', 'तीन घे' वगैरे जुन्या लग्नपत्रिका कापून केलेत. दुसरी संधी एकच. पत्ते सारखे संपतात, मग उठून सगळे परत पिसतो.

सोंगटी
हे आधी सांगायचं ना! खरा घोळ तिथे आहे. मूळ संचात ९४ पत्ते असतात. बाराचे बारा, अकराचे अकरा, दहाचे दहा, असं उतरत एकाचा एक, आणि शून्याचाही एकच. सगळी मजा या उतरंडीत आहे. समोर १२, ११, १० असतील तर ताज्या गठ्ठ्यात उरलेल्या ९१ पैकी ३० पत्ते तुम्हाला फोडतात. तीनात एक! १, २, ३ असतील तर ९१ पैकी फक्त तीन. म्हणजे मोठं पान हवंहवंसं आणि तेच घातकी. तुमच्याकडे सगळे चार-चार. राणी काय नि दुर्री काय, धोका सारखाच. मग लहान पानाला कोण विचारणार?

उगाच प्रश्न
९१ चुकीचं. बाकीच्या आठ जणांसमोरची पानं उघडीच असतात, ती कोण वजा करणार?

सोंगटी
म्हणूनच 'ताज्या गठ्ठ्यात' लिहिलं. आणि म्हणूनच डाव संपला की पिसायचं नसतं. वापरलेली पानं बाजूला ठेवायची, गठ्ठा संपला तरच ती पिसून घ्यायची, समोरची पानं समोरच राहतात. पाच राण्या गेलेल्या दिसल्या की राणीवर धीर वाढतो.

उगाच प्रश्न
आमच्याकडे दर डावाला पिसतात. तेच बरोबर वाटतं.

सोंगटी
वाटू दे.

वाडीकर
अवांतर: ९४ वरून आठवलं, आमच्या सावंतवाडीची गंजिफा. गोल पानं, लाखेचं काम. मुघल गंजिफा ९६ पानांची, आठ रंग, प्रत्येकात बारा. दशावतारी १२० ची, दहा अवतारांचे दहा रंग. दापोलीहून परतताना नाही, पण कधी आलात तर राजवाड्यात बघाच.

चिखलपाय
सुंदर, पण आत्ता नऊ जण मेणबत्तीभोवती बसलेत. ९४ पत्ते आणू कुठून?

सोंगटी
तीन कॅट आणा. तीन कॅटमध्ये प्रत्येक पान बरोब्बर बारा वेळा येतं. राण्या बाराच्या बारा ठेवा, गुलाम अकरा, दश्श्या दहा, असं खाली येत एक्का एक. राजा १३ धरू नका, १३ नसतोच. एक राजा म्हणजे शून्य. उरले ११ राजे, त्यात जास्तीचे चार एक्के घाला, झाले १५. त्यावर मार्करने लिहा: 'थांब' तीन, 'तीन घे' तीन, 'दुसरी संधी' तीन, आणि अधिक २, ४, ६, ८, १०, दुप्पट असे सहा. दुप्पट फक्त आकड्यांच्या बेरजेची. अधिकचे गुण त्यानंतर, सात पुरे केल्याचे १५ ही त्यानंतर. एखाद्याने २०० गाठले की तो डाव पुरा करून थांबा, त्यात ज्याचे जास्त तो जिंकला.
लग्नपत्रिका टाकून द्या. ते जाड तुकडे पिसताना हाताला लागतात.

चिखलपाय
अहो, भाचा दुपारपासून 'मी पिसतो, मी पिसतो' का म्हणत होता ते आत्ता कळलं.

मेंढीकोटवाला
बघा. म्हटलं नव्हतं?

ओटीवरची काकू
तिन्ही कॅटच्या पाठी एकाच रंगाच्या घ्या हो. आमच्याकडे निळ्यात दोन लाल मिसळले होते, जाऊबाई वर्षभर जिंकत होत्या.

चिखलपाय
पाऊस उतरल्यावर जाऊन आलो. दुकानात निळे दोनच होते, तिसरा लाल. काय करू?

भाऊचा धक्का
लाल पाठीवर बूटपॉलिश.

सोंगटी
नको! दोन निळ्यांतच भागवा. १२ ते ८ प्रत्येकी आठ, सातपासून खाली मूळ हिशोब. वरच्या टोकाची उतरंड थोडी सपाट होईल, पण चार-चारपेक्षा कितीतरी बरं. 'थांब' वगैरे खास पत्त्यांसाठी राजे आठच मिळतील, त्यातला एक शून्य, बाकी कमी पडतील तिथे जास्तीच्या दुर्र्या-तिर्र्या वापरा.

चिखलपाय
बनवतोय. साडूभाऊ जेवायला उठले. मार्कर त्यांच्याच हातात दिलाय, 'दुसरी संधी' फार मन लावून लिहितायत. फक्त ते विचारतायत की सगळे एवीतेवी चुकीच्या पत्त्यांनी खेळत होते, तर त्यांचे ते ३१ धरायचे की नाही?