कुकरमधले गरम डबे काढताना सांडशी निसटते, काय करावं?

वरणभात_लातूर
५ लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर आहे. खाली तुरीची डाळ, वर तांदूळ, असे दोन डबे लावते. सांडशीनं उचलला की डबा एका अंगाला कलंडायलाय आणि उकळतं पाणी हातावर यायलंय. सांडशी बदलू का डबे? घाईत कुकर नळाखाली धरला तर चालतो का?

भांडेगल्ली_नांदेड
ताई, आधी डबे बघा. डबा आणि कुकरमध्ये चहूबाजूंनी बोटभर जागा पाहिजे, नाहीतर सांडशीचा जबडा आत उतरतच नाही, नुसतं काठाचं टोक धरलं जातं. काठ बाहेर वळवलेला असला की पकड अडकते. सपाट काठाला तेलाचा हात लागला की घसरलीच म्हणा. सांडशीचा खिळा ढिला असेल तर ठोकून घ्या.

भरलेला डबा एका सांडशीवर फिरणारच. दोन सांडश्या समोरासमोर लावा आणि सरळ वर उचला. मधे उभी दांडी असलेला डब्यांचा स्टँड मिळाला तर प्रश्नच मिटला. ओलं फडकं मात्र नको, चटका लगेच हातापर्यंत येतो. आणि तळात पाणी बेताचंच ठेवा, जास्त झालं की डबा तरंगून आतच तिरपा होतो.

कुकर_दुरुस्ती_परभणी
नळाखाली नको. शिट्टीच्या दाबाला आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. वरची वाफ निवून दाब एकदम पडतो, डाळ मात्र शंभराच्या वरच असते, मग ती उसळून शिट्टीच्या नळीत शिरते. गॅस बंद केल्यावर १०-१५ मिनिटं थांबा. चमच्यानं शिट्टी जराशी उचला. फुस्स झालं तर अजून थांबा. आतून बसणारं झाकण दाब असेपर्यंत निघत नाही, बाहेरून बसणारं जोर लावला तर निघू शकतं, तिथं जास्त जपा. झाकणाची पलीकडची कड आधी उचला.

वरणभात_लातूर
बोअरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही, शिट्ट्या वाढवाव्या लागतात. त्याचं काय?

कुकर_दुरुस्ती_परभणी
जड पाण्याचा गुण तो. शिट्ट्या वाढवल्या की तळातलं पाणी संपतं, कुकर कोरडा तापतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो. डाळ अर्धा तास भिजवा, डब्यात फिल्टरचं पाणी घाला, बोअरचं फक्त तळात. त्यात चिंचेचं बोटूक टाका, कुकर काळा पडत नाही. क्षार शिट्टीच्या नळीत बसतात, म्हणून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते दर वेळी बघायचं. शिट्टी थांबून जळका वास आला तर गॅस बंद करून तसाच निवू द्या, वर पाणी ओतू नका. वितळलेल्या व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू किंवा कणीक लावणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका. त्याच कंपनीचा नवा बसवा.

भांडेगल्ली_नांदेड
भाजलंच तर बांगड्या-अंगठी लगेच काढा आणि हात २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड मोठा असेल तर दवाखाना.